‘रिपीट’ म्हणजे कोणतें पुन्हां?



मी शाळेंत असतांना शेजारच्या काकांना त्यांच्या पुतण्याचें पत्र आलें. इंग्रजींत लिहिण्याची त्याला भारी हौस. नोकरी सुटल्याचें कळवून शेवटीं त्यानें ‘प्लीज डू नॉट रिपीट धिस’ असें लिहिलें होतें. मीं ऐटीनें अर्थ सांगितला, ‘हें पुन्हां सांगूं नका.’ काकांनीं तो अक्षरशः पाळला. प्रत्येक घरीं एकदांच सांगितलें! त्या दिवाळीस पुतण्या आला नाहीं, पुढेंही बरींच वर्षें आला नाहीं. ‘हें कोणाजवळ बोलूं नका’ एवढेंच त्याला म्हणावयाचें होतें. मीं मात्र कोशांतला पहिला अर्थ उचलला होता.

हें क्रियापद मूळचें लॅटिन. त्यांतील ‘री’ म्हणजेच पुन्हां; तेव्हां साध्या पुनरुच्चारास ‘रिपीट अगेन’ म्हणणें म्हणजे पाण्याला ओलें म्हणण्यासारखेंच. एकदां ‘रिपीट’ झालेली गोष्ट आणखी एकदां हवी असेल, तर मात्र तें चालेल. ‘रीइटरेट’ची गंमत निराळीच. त्याच्या धातूंतच ‘पुन्हां’ आहे, आणि वर ‘री’ जोडलेला आहे. तरीही तो शुद्धच मानतात. तो भारदस्त शब्द आहे. सरकार आपलें धोरण ‘रीइटरेट’ करतें, पोर पाढे ‘रिपीट’ करतें.

आपण पाढे घोकतों, वाक्य गुरुजींच्या मागून म्हणतों, चूक पुन्हां करतों, कानावर आलेलें दुसऱ्यास सांगतों. इंग्रजीचें या सर्वांस एका शब्दावर भागतें. इतकेंच काय, कांदा खाऊन ढेकरांवाटे त्याची चव येऊं लागली, तर तेथेंही इंग्रज माणूस ‘रिपीट’च म्हणतो. आणि कर्ता कोण? तो स्वतः नव्हे, कांदा!

आतां, आपण ज्या माध्यमांतून बोलत आहों त्याविषयीं थोडें. बिनतारी यंत्रावर निरोप नीट ऐकूं आला नाहीं, तर ब्रिटिश व अमेरिकन सैनिक ‘रिपीट’ म्हणत नाहींत, ‘से अगेन’ म्हणतात. कारण तोफखान्याच्या भाषेंत ‘रिपीट’ ही आज्ञा आहे: त्याच लक्ष्यावर पुन्हां तेवढाच मारा करा. शब्द ऐकूं आला नाहीं म्हणून विचारावें, आणि उत्तरादाखल गोळे यावेत! विमानाचा चालकही निरोप पुन्हां मागतांना ‘से अगेन’ हेंच म्हणतो.