सशाचे संगोपन : हौस आणि उत्तरदायित्व
(व्याख्यानाचा संक्षिप्त आलेख)



मुका प्राणी घरी आणणे सोपे असते; त्याला जपणे मात्र सोपे नसते. आपले सुखदुःख त्याला शब्दांत मांडता येत नाही, म्हणून ते ओळखण्याचा भार पाळणाऱ्यावर येतो. हा भार किती अनपेक्षितपणे वाढू शकतो, हे सोलापुरातील एका कुटुंबाच्या हकिकतीवरून ध्यानी येईल.

या कुटुंबाने मुलांच्या हट्टास्तव दोन ससे आणले. दोन्ही माद्या असल्याची ग्वाही विक्रेत्याने दिली होती. परंतु कोवळ्या वयात सशाचे लिंग ओळखणे जाणकारासही अवघड जाते, आणि अवघ्या चार महिन्यांच्या सुमारास हे प्राणी प्रजननक्षम होऊ शकतात. घरात याची कोणासही कल्पना नव्हती. एके सायंकाळी मादी तोंडात गवताच्या काड्या धरून कोपऱ्यात नेऊ लागली आणि स्वतःच्या छातीपोटाचे केस उपटून त्यांवर पसरू लागली. तिला त्वचारोग झाला असावा, असा तर्क घरच्यांनी केला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या केसांच्या उबेत सहा पिल्ले वळवळत होती.

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानावरील रानससा उघड्यावर जन्मतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व डोळस असतात. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा आणि बिळात राहणारा. त्याची पिल्ले केशहीन, अंध आणि सर्वस्वी परावलंबी असतात. गर्भकाळ केवळ 30 ते 32 दिवसांचा असल्याने पूर्वतयारीस अवधी मिळत नाही.

पहिली चिंता आजींना वाटली. मादी पिल्लांकडे फिरकत नव्हती, दूर बसून राहत होती. ‘आईने टाकली’ असे समजून त्यांनी गाईचे दूध आणि कापसाची वात सिद्ध केली. पशुवैद्यांनी वेळीच थांबवले. सशाची मादी दिवसातून एकदा किंवा दोनदाच, बहुधा रात्री वा पहाटे, तीन ते पाच मिनिटे दूध पाजते. निसर्गात वारंवार बिळाशी गेल्यास शत्रूला पिल्लांचा सुगावा लागेल, म्हणून तिचे दूर राहणे हेच तिचे रक्षण होय. तिचे दूध अत्यंत स्निग्ध असते. गाईचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही आणि वातीने पाजताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पिल्लाचे पोट गोल व भरलेले दिसले की आईने पाजले असे समजावे. पोट खपाटीस जाऊन कातडीवर सुरकुत्या पडल्या, तर मात्र विलंब न करता वैद्य गाठावा.

रोज सकाळी हात स्वच्छ धुऊन पिल्ले मोजली जाऊ लागली आणि एकेकाचे वजन लहान काट्यावर होऊ लागले. घरट्यातून बाहेर घरंगळलेले पिल्लू मादी मांजरीप्रमाणे उचलून आत नेत नाही. ते काम माणसानेच करावे लागते. घरट्यात जुन्या कापडाच्या चिंध्या घालण्याचा मोह टाळावा, कारण सुटे धागे कोवळ्या पायांना फास लावतात. कोरडे मऊ गवत आणि आईचे केस हेच उत्तम अंथरूण. मादीला अखंड पाणी, भरपूर वाळले गवत आणि जोडीला लसूणघास दिला गेला. सशाला उष्मा सोसत नाही. म्हणून दुपारी बर्फाची बाटली कापडात गुंडाळून तिच्याजवळ, पण घरट्यापासून दूर ठेवली जाई.

एवढे करूनही सर्वांत लहान पिल्लू तिसऱ्या दिवशी गेले. धाकट्या मुलीने दोष आईला दिला. आजींनी तिला समजावले, की जन्मतः अशक्त जीव कधी कधी सर्व यत्नांनंतरही राहत नाही. उरलेल्या पाचांची निगा हेच आता कर्तव्य. सुमारे दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले आणि तिसऱ्या आठवड्यात पिल्ले गवत कुरतडू लागली.

खरी कसोटी पुढे होती. सशाची मादी प्रसूत झाल्यावर काही तासांतच पुन्हा गर्भ धारण करू शकते. नर वेगळा केला गेला तो प्रसूतीच्या दिवशी सायंकाळी, वैद्यांनी सांगितल्यानंतर. तोवर उशीर झाला होता. एकतिसाव्या दिवशी आणखी चार पिल्ले जन्मली. दोनाचे अकरा झाले.

आता घरात सल्ले येऊ लागले. एका आप्ताने सुचवले, “माळावर सोडून द्या, मोकळे होतील, पुण्यही लागेल.” वरकरणी हा दयेचा विचार भासतो. वस्तुतः पाळीव सशाला आपल्या माळावर ना बीळ, ना ओळखीचा चारा, ना कुत्र्या-मांजरांपासून पळण्याची सवय. त्याला तेथे सोडणे म्हणजे दृष्टीआड मरू देणे. पिंजरा उघडल्याने जीव मुक्त होतोच असे नाही. कधी कधी मुक्त होतो तो केवळ माणूस, आपल्या जबाबदारीतून.

त्या कुटुंबाने कठीण मार्ग पत्करला. नराची नसबंदी केली. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे तो फलनक्षम राहू शकतो, म्हणून त्याला तोवर वेगळेच ठेवले. आठ आठवडे पूर्ण झालेल्या पिल्लांचे लिंग वैद्यांकडून तपासून घेतले आणि नर-मादी निरनिराळे ठेवले. घरे शोधताना मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारले जात : जागा किती, दुपारी सावली कोठे, आणि आठ-दहा वर्षे सांभाळाल काय? उत्तर समाधानकारक नसेल तेथे नम्रपणे नकार दिला जाई. शेवटचे पिल्लू योग्य घरी जाईपर्यंत कित्येक महिने लोटले.

सज्जनहो, दया ही क्षणिक भावना असेल तर ती पहिल्या दिवशीच्या कौतुकातच संपते. वजन टिपणे, पिंजरा धुणे, नकार देणे, वाट पाहणे या नीरस कामांत ती टिकली, तरच मुक्या जीवाच्या वाट्याला येते. प्राणी घरी आणण्यापूर्वी त्याचे लिंग वैद्यांकडून तपासून घ्यावे आणि त्याच्या पुढील आयुष्याचा हिशेब आधी मांडावा. तो हिशेब झेपणारा नसेल, तर न आणणे हीही दयाच होय.