मशीनची बॅटरी आणि माझी चूक
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा इतरांनी घेतलाच आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यात मी आपल्या पार्किंगमधल्या फरशी धुण्याच्या मशीनबद्दल बोलणार आहे. हसू नका, त्यात माझा एक कबुलीजबाब आहे.

मी खजिनदार असताना आपण हे बॅटरीवरचं मशीन घेतलं. त्यात 12 व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या आहेत. वर्ष व्हायच्या आत मशीन अर्ध्या पार्किंगमध्येच बंद पडू लागलं. बॅटऱ्या गेल्या होत्या. सफाईच्या मावशींनी निष्काळजीपणा केला असं सगळ्यांनी धरलं, आणि त्यांच्या पगारातून दरमहा 500 रुपये कापावेत, हा ठराव मीच मांडला. मावशी काही बोलल्या नाहीत.

तीन महिन्यांनी मेकॅनिक आला. त्याने विचारलं, "चार्जिंग किती तास होतं?" वॉचमन म्हणाला, "मावशी संध्याकाळी सातला लावून जातात. अकराला मी बंद करतो. साहेबांनीच बोर्ड लावलाय ना, रात्री अकरानंतर पार्किंगचे सगळे स्विच बंद!" तो बोर्ड माझ्याच अक्षरात होता. विजेचं बिल वाचवायला लावला होता.

या बॅटरीला पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. अर्धवट भरलेली राहिली, की तिच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रोज काढायचं जास्त आणि भरायचं कमी. खातं बुडणारच!

दुसऱ्या दिवशी मी मावशींचे 1500 रुपये परत केले आणि सर्वांसमक्ष माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, आधी मला विचारलं असतं तर!"

तेव्हापासूनचे नियम सांगतो. काम झालं की लगेच चार्जिंगला लावायचं आणि पूर्ण होईपर्यंत काढायचं नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंग झाल्यावर घालायचं. प्लेट उघड्या दिसल्या तरच आधी थोडं, त्या बुडतील एवढंच. अ‍ॅसिड कधीच घालायचं नाही. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ विडी-सिगारेट नको.

तुमच्या घरच्या कॉर्डलेस व्हॅक्यूममध्ये बहुतेक लिथियम बॅटरी असते. तिची तऱ्हा वेगळी. ती उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाणार असाल, तर साधारण अर्धी भरून ठेवा. चार्जर तिचाच वापरा. फुगली असेल तर चार्ज करू नका. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा दुकानदाराला परत द्या.

चार्जिंगची वही आज मावशींच्या ताब्यात आहे. लावल्याची वेळ त्या लिहितात, काढल्याची वॉचमन. नव्या बॅटऱ्या चार वर्षं चालल्या.

नव्या कमिटीला एकच विनंती. ठराव मांडण्याआधी, जो रोज ते काम करतो त्याला विचारा. माझा तो बोर्ड मी काढून घरी ठेवलाय, आठवण म्हणून.