सेकंडहँड गाडी : किंमत एकदाच, खर्च दर महिन्याला

(वडोदरा येथील खातेदार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘मुदत ठेव’ असा विषय छापला आहे. मी ठेवीबद्दलच बोलणार आहे, पण ठेव कशी मोडते याबद्दल. आणि ती ठेव माझीच होती.

चार वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड गाडी घेतली. हॅचबॅकच्या पायावर बांधलेली, जरा उंच, दिसायला दणकट. कंपन्या जिला क्रॉसओव्हर म्हणतात आणि आपण छोटी एसयूव्ही म्हणतो, तशी. डिझेल, सात वर्षं जुनी, ८२,००० किलोमीटर चाललेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक गाडीची कमी आणि माझी जास्त होती. किंमत ४,७५,००० रुपये. १,२५,००० मी रोख दिले, ३,५०,००० चं कर्ज काढलं. व्याज १२ टक्के, मुदत चार वर्षं, हप्ता ९,२१७ रुपये. हप्ता पगारात बसत होता. कॉमर्सचा पदव्युत्तर माणूस, बँकेत नोकरी. हिशेब पक्का आहे असं वाटलं.

पहिल्या दहा महिन्यांत काय झालं ते ऐका.

विकणारा म्हणाला होता, “क्लच जरा जड आहे, बाकी काही नाही.” दीड महिन्यात चढावर गाडी ओढेना. इंजिनाचा आवाज वाढे, वेग वाढत नसे. क्लच उघडल्यावर कळलं की फ्लायव्हीलही गेलं आहे. अनेक डिझेल गाड्यांत हे फ्लायव्हील दोन भागांचं असतं आणि मधल्या स्प्रिंगा इंजिनाचे हादरे झेलतात. त्या सैल झाल्या की गाडी सुरू किंवा बंद करताना खडखड येते. ती खडखड मी पहिल्या दिवशीच ऐकली होती. डिझेल आहे, आवाज करणारच, असं स्वतःला समजावलं होतं. बिल ४६,००० रुपये.

मग सस्पेन्शन. अशा गाडीचं वजन आणि चाकं हॅचबॅकपेक्षा मोठी. आपल्या रस्त्यांवर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि पुढचे शॉकअप आधी जातात. खड्ड्यात ‘टक्‌टक्‌’ आवाज येतो. २१,०००. सस्पेन्शन सैल असल्यामुळे टायर एका बाजूने झिजले होते. चार टायर २८,०००. उन्हाळ्यात एसीचा कंडेन्सर गळला, गॅससकट १३,५००.

बेरीज १,०८,५०० रुपये. त्याच दहा महिन्यांत बँकेला भरलेले हप्ते ९२,१७०. म्हणजे दुरुस्ती हप्त्यापेक्षा जास्त झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

पैसे आणले कुठून? आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजही कमी मिळालं. शस्त्रक्रिया पाच महिने पुढे गेली. आई एका शब्दाने बोलली नाही, पण ते पाच महिने ती जिन्यावर एकेक पायरी थांबत चढायची आणि खाली दारात माझी गाडी उभी असायची. म्हणून आज हा विषय.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, तुमचा वापर किती ते बघा. रोज पाच-सात किलोमीटर जायचं असेल तर डिझेलच्या मागे लागू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला सलग, वेगात धाव लागते. गल्लीबोळात तो तुंबतो, आणि बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. इंजेक्टर आणि टर्बोचंही तेच. दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. आणि इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. बेल्ट असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं.

दुसरी, सुटे भाग मिळतात का? आपल्या शेजारच्या हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अशा कंपन्यांच्या गाड्या वाईट असतात असं नाही, स्वस्त मिळतात हेही खरं. पण घेण्याआधी जवळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन क्लच सेट, हेडलाइट आणि पुढचा बंपर यांची किंमत विचारा, आणि माल किती दिवसांत येतो तेही विचारा.

तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलं. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते; वायरिंगमधला गंज मात्र काही महिन्यांनी बोलू लागतो. कार्पेट उचलून खाली गाळ आहे का पाहा. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खळग्यात माती, हेडलाइटच्या आत ओल, हे तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, पाण्याची रेघ तिथे राहते. विम्याचा मोठा दावा झाला होता का, हेही विचारा.

चौथी, गाडी थंड असताना सुरू करून पाहा. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्या आधी कुणीतरी इंजिन तापवून ठेवलं आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट इंजिनात जात असण्याची शक्यता.

इथे एक काका नेहमीचा प्रश्न विचारतील, “साहेब, मेकॅनिक आमच्या ओळखीचाच आहे.” चांगलं आहे. फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. माझी गाडी तपासणारा दलालानेच आणला होता. स्वतःचा मेकॅनिक नेलात तर दीड-दोन हजार जातील. मी ते वाचवले आणि लाख घालवले.

पाचवी, कागद. आरसी बुकावर आधीच्या बँकेचा बोजा असेल तर त्या बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि झिजलेला क्लच विमा भरून देत नाही. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही.

आता पैशांचं. माझा स्वतःला घालून घेतलेला नियम सांगतो. गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढता आली, तरच गाडी घ्यायची. पाच लाखांचं बजेट असेल तर गाडी चार लाखांचीच पाहायची. तिचे वीस टक्के, म्हणजे ८०,००० बचत खात्यात ठेवायचे, आणि उरलेल्या २०,००० मध्ये विमा आणि हस्तांतर. शिवाय गाडी घेतल्याच्या महिन्यापासून २,५०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करायची. वर्षाला ३०,००० मुद्दल होते. टायर किंवा सस्पेन्शन, एकेकाचं काम त्यात भागतं. खर्च निघाला नाही तर पैसे तुमचेच आहेत.

हप्ता परवडतो का, हा प्रश्न बँक विचारते. बिघाड परवडतो का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा आहे.

आईची शस्त्रक्रिया नंतर झाली, आता ती व्यवस्थित चालते. गाडी अजून माझ्याकडेच आहे. खर्च केल्यावर बरी चालते. पण आईच्या नावाची नवी ठेव केली, तेव्हा पावतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं, ‘गाडीसाठी नाही.’

तुमच्याही घरात अशी एखादी ठेव असेल. ती कशासाठी आहे, ते आज घरी जाऊन पावतीवर लिहा. आणि गाडी पाहायला निघण्याआधी एकदा शाखेत या. कर्ज घ्यायलाच या असं नाही, नुसता हिशेब करायलाही या.