कसोटी नागपूरची, जबाबदारी आपली



महाराणा प्रताप नगरात, म्हणजे आम्हा भोपाळकरांच्या एम. पी. नगरात, आपलं स्वागत. इथल्या प्रेस कॉम्प्लेक्समध्ये वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आहेत आणि या शहरातल्या वृत्तपत्र संग्रहालयाला नाव आहे माधवराव सप्रे या मराठी माणसाचं. नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालवणाऱ्या सप्र्यांना १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. सरकारविषयी ‘द्वेष’ पसरवणं हा गुन्हा ठरवणारी त्या कलमातली भाषा १८९८ च्या दुरुस्तीतली. समाजासमाजांत वैर पेरण्याविरुद्धचं १५३-अ कलमही त्याच वर्षीचं. दुबळ्याचं रक्षण आणि टीकाकाराची मुस्कटदाबी एकाच सरकारनं एकाच वेळी कायद्यात घातली. म्हणून द्वेषाविरुद्ध कायदा हवाच, पण त्याचं माप चोख हवं.

ते माप नागपूरनंच दिलं. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयात भगवतीचरण शुक्ल खटल्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितलं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेनं जोखावा. प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्याच्या नव्हे. ‘तमस’ मालिकेच्या वेळी, १९८८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं हीच कसोटी उचलली.

यावर आक्षेप येतो, की खंबीरपणा सुरक्षित घरात बसलेल्याला परवडतो. ज्याच्या वस्तीवर जमाव येतो त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. पण तिथे प्रश्न दुखावलेल्या भावनांचा नसून जिवाचा असतो, आणि माणसं अंगावर घालणारी चिथावणी कुठल्याही स्वातंत्र्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत हाच फरक केला. तो विसरला की काय होतं, हे २०१२ मध्ये पालघरला दिसलं: बंदवर फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि ते ‘लाइक’ करणारी दुसरी, दोघींना अटक. कायद्याची अशी चपळाई खऱ्या चिथावणीखोराच्या वाट्याला क्वचितच येते!

कायदा पोचत नाही तिथे आपलं संपादनाचं टेबल आहे. चोरीच्या बातमीच्या मथळ्यात आरोपीची जात किंवा धर्म टाकला, तर एकही कलम न मोडता एक अख्खी वस्ती संशयित होते. प्रेस कौन्सिलचे निकष ते टाळायला सांगतात. पण कौन्सिल फार तर ताशेरे ओढते, आणि दूरचित्रवाणी तिच्या कक्षेतच नाही. तेव्हा या संमेलनात सरकारकडे नव्या कलमाची मागणी करण्याआधी आपापल्या मथळ्यांवर बोलावं, एवढी स्वागत समितीतर्फे विनंती करतो.