परागकणांचे वावडे आणि त्यावरील उपचार



गाजरगवताची ओळख नायगाव परिसरात कोणास करून देण्याची आवश्यकता नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे तण पुढे मराठवाड्यातील पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शाळांची आवारे व्यापून बसले. पावसाळ्यात ते फुलोऱ्यावर आले, की काही जणांना सारख्या शिंका येतात, डोळे चुरचुरतात, नाक वाहते. काहींना दम्याचाही त्रास होतो.

परागकण हे विष नव्हे किंवा रोगजंतूही नव्हे. परंतु ज्यांना त्यांचे वावडे असते, त्यांची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजते. विशिष्ट टी पेशींच्या चिथावणीने 'आय-जी-ई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात व नाकाडोळ्यांतील मास्ट पेशींना चिकटून राहतात. पुन्हा पराग आले, की या पेशी हिस्टामिन सोडतात. नेहमीच्या गोळ्या हिस्टामिनाचा परिणाम रोखतात. पेशींचा स्वभाव पालटत नाहीत.

तो पालटण्याचा मार्ग लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडन येथे दाखविला. परागांचा अर्क अत्यल्प मात्रेपासून प्रारंभ करून टप्प्याटप्प्याने वाढवीत टोचावयाचा. या परिचयाने नियामक टी पेशी वाढतात व 'इंटरल्यूकिन-१०' या द्रव्याच्या साहाय्याने चिथावणीखोर पेशींना आवर घालतात. नव्याने निर्माण झालेली 'आय-जी-जी-४' प्रतिपिंडे परागांतील द्रव्यांना वाटेतच अडवितात. उपचार साधारणतः ३ ते ५ वर्षे घ्यावा लागतो. तो संपल्यावरही लाभ काही वर्षे टिकू शकतो.

तथापि सावधगिरी हवी. नेमके कशाचे वावडे आहे, हे चाचणीने ठरल्याशिवाय उपचार सुरू करू नये. क्वचित प्रसंगी जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उद्‌भवते. म्हणून इंजेक्शन तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच थांबावे. दमा आटोक्यात नसल्यास हा उपचार देत नाहीत. गाजरगवताच्या स्पर्शाने त्वचेवर उठणारा इसब हा वेगळा विकार आहे; त्यावर ही इंजेक्शने नाहीत.

दीर्घकाळचा हा उपचार प्रत्येकास परवडेल असे नाही. म्हणून ग्रामपंचायतींनी फुलोऱ्यापूर्वीच, हातमोजे घालून, गाजरगवत मुळासकट उपटण्याची मोहीम दरवर्षी हाती घ्यावी. ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांना व शाळकरी मुलांना मात्र या कामास जुंपू नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.