केसपेपरवरील एक शब्द : मधुमेह आणि मज्जातंतूंच्या विकाराची नोंद
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



वार्षिक अहवालात रुग्णसंख्येचे व जमाखर्चाचे आकडे येतात. हे आकडे ज्या केसपेपरवरून तयार होतात, त्याविषयी आज थोडे निवेदन करावयाचे आहे.

देवळी परिसरातील एक शेतकरी पायाची जखम घेऊन आपल्याकडे आले. पऱ्हाटीचा खुंट तळव्यात रुतला होता, पण तीन दिवस त्यांना वेदनाच जाणवली नाही. त्यांच्या जुन्या केसपेपरवर 'मधुमेह' एवढाच शब्द होता. पायाची संवेदना तपासली नव्हती, की तपासून लिहायची राहिली, हे आता कोणालाच सांगता येत नाही. अखेर एक बोट काढावे लागले. ही उणीव आपली आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली असली, तरी आपल्या अभिलेख कक्षात अद्याप दहावीच वापरली जाते. तीत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा संकेतांक 'ई ११' आहे. त्यापुढील ९ हा अंक गुंतागुंत नसल्याचे सांगतो; ४ म्हणजे मज्जातंतूंची हानी, ५ म्हणजे रक्ताभिसरणाची गुंतागुंत आणि ७ म्हणजे एकाहून अधिक गुंतागुंती. अनेक मज्जातंतू बाधित असल्यास 'ई ११.४' सोबत 'जी ६३.२' हा जोड संकेतांक येतो. केवळ 'मधुमेह' लिहिलेला रुग्ण मात्र गुंतागुंत नसलेल्यांत जमा होतो.

संकेतांक देणाऱ्या लिपिकाने अनुमान करावयाचे नसते. पावतीशिवाय जमाखर्चात नोंद होत नाही, तसेच हे आहे. मधुमेही रुग्णाच्या पायांना येणारी बधिरता नेहमीच मधुमेहामुळे असते असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मद्यपान किंवा कुष्ठरोग हीही कारणे असतात. म्हणून 'मधुमेहजन्य' हा निर्णायक शब्द डॉक्टरांच्याच लेखणीतून यावा लागतो. त्याचबरोबर, दाव्याची रक्कम वाढावी म्हणून नसलेली गुंतागुंत लिहिणे हा अपराध आहे, हेही आम्ही स्पष्ट करतो.

बधिर पायाची निगा आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य आरंभिले. ज्या पायाला दुखणे कळत नाही, त्याला रोज डोळ्यांनी पाहावे लागते, हा कुष्ठसेवेचा धडा मधुमेहालाही तंतोतंत लागू पडतो.

यापुढे प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या केसपेपरवर वर्षातून किमान एकदा पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात : मधुमेहाचा प्रकार, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने व १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने केलेल्या तपासणीचा निष्कर्ष, पायातील नाडी, जखम असल्यास बाजू व जागा, आणि पादत्राणांविषयी दिलेला सल्ला. तपासणी निर्दोष असली तरी तसे लिहावे. कोरी जागा काहीच सांगत नाही.

या कामास दोन-तीन मिनिटे अधिक लागतील, याची आम्हांस जाणीव आहे. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीही आम्ही पाहतो. तथापि, त्या शेतकरी बंधूंचे बोट आता परत येणार नाही. पुढच्याचे वाचावे, एवढ्यासाठीच ही विनंती.