आधी मोजा, मग बदला



डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन अशा दोन्ही ट्रेडची मुलं आज प्रमाणपत्र हाती घेऊन इथं शेजारी शेजारी बसलेली पाहून मला विशेष आनंद झाला. पोकलेनसारख्या मशिनांच्या दुरुस्तीच्या ज्या धंद्यात मी आयुष्य काढलं, त्यात या दोन ट्रेडमधली भिंत आता उरलेली नाही.

मी घडलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. आमचे उस्ताद इंजिनाला हात लावण्याआधी डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि कुठला सिलिंडर मारत नाही ते सांगायचे. तेव्हाच्या पोकलेनमध्ये लिव्हर ओढला की थेट तेल वळायचं. बिघाड झाला तर तो दिसायचा, नाहीतर ऐकू यायचा. पाइप फुटला की तेल जमिनीवर, पंप गेला की बूम जागेवर.

मग मशिनमध्ये कंट्रोलर आले. धुराचे नियम कडक होत गेले. 2021 च्या एप्रिलपासून चाकांच्या बांधकाम मशिनांना सीईव्ही स्टेज फोर लागू झालं आणि आपल्या ओळखीच्या जेसीबीतही इलेक्ट्रॉनिक्स वाढलं. आज इंजिनाचा कंट्रोलर, हायड्रॉलिकचा कंट्रोलर आणि केबिनमधला डिस्प्ले एकमेकांशी सतत बोलतात आणि ते सगळं बोलणं पीळ दिलेल्या दोन वायरींवरून चालतं. त्या पद्धतीला कॅन म्हणतात. बॉश कंपनीनं ती 1986 साली डेट्रॉइटमध्ये जगापुढे मांडली, तीही मोटारीसाठी. ती आता करूळ घाटात चिखलात उभ्या असलेल्या मशिनमध्ये आहे.

याच घाटातली एक गोष्ट सांगतो. पावसाळ्याचे दिवस, दरड आलेली आणि दरड काढणारं पोकलेनच मध्येच बंद पडायचं. डिस्प्लेवर यायचं की इंजिन कंट्रोलरकडून संदेश येत नाही. ज्यांच्याकडे सर्व्हिसचं काम होतं त्यांनी कोड वाचला आणि आधी डिस्प्ले बदलायला लावला. फरक पडला नाही, म्हणून इंजिन कंट्रोलर बदलायला लावला. मालकाचे पैसे गेले, बँकेचा हप्ता चालूच आणि मशिन तसंच बंद पडतंय.

मी पोहोचल्यावर आधी ऑपरेटरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मातीत दिवसभर चालतंय. दगडावर बकेट आपटली की मरतंय." हे त्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं! मी बॅटरीचा मेन स्विच बंद केला आणि तपासणीच्या नऊ पिनांच्या सॉकेटवर सी आणि डी या पिनांमध्ये मीटर लावला. कॅनच्या लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून लाइन धड असेल तर 60 च्या आसपास दिसायला हवं. दिसलं 60. मग मीटरवर नजर ठेवून हार्नेस हातानं हलवत हलवत पुढे गेलो. केबिनच्या मागच्या क्लॅम्पपाशी आकडा टुणकन 120 वर गेला. क्लॅम्पचं रबर झिजलं होतं आणि वायर पत्र्याच्या कडेवर घासून तुटायला आली होती. वायरचा तुकडा, स्लीव्ह आणि नवा क्लॅम्प, एवढाच खर्च आला.

कंट्रोलर दोषी नव्हताच. संदेश आला नाही, इतकंच कोड सांगत होता. बोलणारा गेला, त्याची सप्लाय गेली, अर्थ सैल झाली की वाटेतली वायर तुटली, हे कोड सांगत नाही. ते शोधण्यासाठीच मेकॅनिक लागतो. मीटर 120 दाखवत असेल तर लाइन कुठंतरी तुटली आहे किंवा एक रेझिस्टर गेला आहे. शून्याजवळ दाखवत असेल तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. 40 दाखवत असेल तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर जोडून ठेवला आहे. हे कळायला लाखाचा लॅपटॉप लागत नाही.

या धंद्याबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो आज बोलून दाखवतो. स्वतंत्र मेकॅनिकला वायरिंगचा नकाशा मिळत नाही, सॉफ्टवेअरला कुलूप असतं. गिऱ्हाइकाचीही एक सवय मला आयुष्यभर टोचली. पार्ट बदलला की बिल मुकाट्यानं देतात. अर्धा दिवस पावसात उभं राहून वायर शोधली तर म्हणतात, "एवढंच केलंत?" शोधण्याला मोल नसेल, तर मेकॅनिक पार्टच विकत बसणार. मशिनमालकांचे जे नातेवाईक इथं आले असतील त्यांना माझी विनंती आहे: तपासणीचे पैसे द्या, ते नव्या कंट्रोलरपेक्षा स्वस्त पडतात.

गगनबावड्याच्या पोरांना आणखी एक सांगतो, कारण इथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. व्होल्टेज बघायला वायरीच्या इन्शुलेशनमध्ये सुई टोचू नका. त्या भोकातून पाणी आत शिरतं, तांब्याच्या धाग्यांतून पुढे सरकत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात वायर आतून हिरवी पडून तुटते. मी अशा वायरी सोलून पाहिल्या आहेत. बाहेरून अगदी नव्या दिसतात. बकेटला वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडवा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावा. नाहीतर तो करंट वाट शोधत कंट्रोलरमधून जाईल. जोड देताना दोन्ही वायरींचा पीळ जसाच्या तसा ठेवा, बाहेरच्या गोंगाटापासून तोच त्यांना वाचवतो.

मोठी कंपनी, मोठं पद, यांबद्दल इतर पाहुणे बोलतील. मी एकच मागणं घेऊन आलो आहे. तुमच्यापैकी काही जण याच घाटांत काम करतील. दरड पडून रस्ता अडलेला असेल, मालक घाई करत असेल आणि डिस्प्लेवरचा कोड पाहून कुणीतरी म्हणेल, "टाक नवा कंट्रोलर." त्या क्षणी ठाम राहा. ऑपरेटरला विचारा, मेन स्विच बंद करा, मीटर लावा. मोजल्याशिवाय कुणाच्याही मशिनचा एकही पार्ट बदलू नका.